रोजचे चालणे आणि शांत झोप



एखाद्या संस्थेने पन्नास वर्षे पूर्ण केली की तिच्या वाटचालीचा गौरव होतो. मराठी भाषेने संस्थेच्या आयुष्यालाही ‘वाटचाल’ हाच शब्द दिला आहे. दुकान ‘चालते’, संसार ‘चालतो’, शाळा ‘चालते’. वृद्ध माणसे देवाजवळ काय मागतात, तर ‘चालते-बोलते असताना ने’. चालणे थांबले की जगणे परस्वाधीन होते, हे अनुभवाचे शहाणपण या साध्या मागणीत साठवलेले आहे. सुवर्णमहोत्सवाच्या निमित्ताने आरोग्याचा विचार करताना म्हणूनच या सर्वांत साध्या, बिनखर्चाच्या आणि तरीही सर्वांत दुर्लक्षित अशा क्रियेकडे वळणे उचित ठरेल.

बुलढाणा जिल्ह्याचे दोन नैसर्गिक भाग सर्वांना परिचित आहेत: घाटावरचा आणि घाटाखालचा. अजिंठ्याच्या डोंगररांगेने विभागलेल्या या भूभागात एकेकाळी माणसाला चालण्यावाचून गत्यंतर नव्हते. आठवडी बाजार, शेत, विहीर, शाळा, नातलगांचे गाव, सारे पायांनीच गाठावे लागे. चालणे हा व्यायाम आहे, असे तेव्हा कोणाच्या मनातही येत नसे. ती गरज होती. गेल्या दोन पिढ्यांत ही गरज वेगाने संपली. बस आली, दुचाकी आली, घराघरांत मोटार आली. नळ आला, गॅस आला, फोनवरून माल मागवण्याची सोय झाली. या सुखसोयींबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. परंतु गरजेबरोबर चालणेही गेले आणि शरीर मात्र पूर्वीचेच राहिले.

हे शरीर कशासाठी घडले आहे, याची आठवण याच जिल्ह्यात एका वन्यजीवाने करून दिली. यवतमाळ जिल्ह्यातील टिपेश्वर अभयारण्यातून एक तरुण वाघ जून २०१९ मध्ये बाहेर पडला आणि महाराष्ट्र व तेलंगणातील शेते, ओढे, रस्ते ओलांडत डिसेंबर २०१९ मध्ये बुलढाणा जिल्ह्यातील ज्ञानगंगा अभयारण्यात पोहोचला. त्याच्या गळ्यातील रेडिओ कॉलरवरून शास्त्रज्ञांनी हिशेब मांडला, तेव्हा सुमारे नऊ महिन्यांत त्याने तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर कापल्याचे आढळले. ‘वॉकर’ या नावानेच तो ओळखला जाऊ लागला. तो वाघ आरोग्यासाठी चालला नाही. भक्ष्य, जोडीदार आणि हक्काचे क्षेत्र शोधण्यासाठी चालला. प्राण्याला गरज चालवते. माणसाने गरज दूर केली आहे, म्हणून त्याला नियम करावा लागतो. या व्याख्यानाचा सारा आशय एवढाच आहे.

व्यापारी समाजाच्या दिनक्रमाकडे तटस्थपणे पाहिले तर ही बाब अधिक स्पष्ट होते. सकाळी दुचाकीवरून मंदिर किंवा स्थानक, तेथून दुकान, दुकानात गादीवर किंवा खुर्चीवर आठ-दहा तासांची बैठक, ग्राहकांबरोबर होणारा चहा, रात्री हिशेब, मग दूरदर्शन संच किंवा मोबाइल. दुकान घराखाली असेल तर दिवसभरात हजार पावलेही पडत नाहीत. गृहिणी दिवसभर राबतात हे खरे. परंतु स्वयंपाकघरातील उभे राहणे आणि मोकळ्या हवेत सलग चालणे यांत फरक आहे. जून २०२४ मध्ये ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या जागतिक अभ्यासानुसार २०२२ साली भारतातील जवळजवळ निम्मे प्रौढ पुरेशी शारीरिक हालचाल करीत नव्हते. पुरुषांत हे प्रमाण सुमारे ४२ टक्के, तर स्त्रियांत सुमारे ५७ टक्के होते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या सहकार्याने झालेल्या आणि २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत देशात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज मांडला गेला. मधुमेहाच्या उंबरठ्यावर उभे असलेले आणखी १३ कोटींहून अधिक लोक वेगळेच. हे दोन्ही आकडे एकत्र वाचावेत असे आहेत.

आता झोपेकडे वळू. रात्री अंथरुणावर पडल्यावर तासभर डोळा लागत नाही, पहाटे तीनला जाग येते ती पुन्हा झोप येऊ देत नाही, सकाळी उठल्यावर अंग जड वाटते, या तक्रारी चाळिशीनंतर घरोघरी ऐकू येतात. पुष्कळांच्या उशाशी झोपेच्या गोळ्यांची पट्टी असते. आयुर्वेदाने आहार आणि निद्रा यांची गणना शरीराच्या तीन उपस्तंभांत केली आहे. हा खांब कलला की रक्तदाब, साखर, स्मरणशक्ती आणि स्वभाव या साऱ्यांवर भार येतो. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असे आजचे वैद्यकशास्त्र सांगते.

चालण्याचा झोपेशी काय संबंध, असा प्रश्न स्वाभाविक आहे. त्याचे उत्तर तीन पदरी आहे.

पहिला पदर श्रमाचा. जागेपणी मेंदूची ऊर्जा खर्च होत असताना ‘ॲडिनोसिन’ नावाचे द्रव्य तेथे साठत जाते. ते जितके साठेल तितकी झोपेची ओढ वाढते. दिवसभर शरीर हलले असेल तर ही ओढ बळकट होते. बसून काढलेल्या दिवसाची रात्र उथळ जाते. येथे चहाचाही विचार करावा लागतो. चहा-कॉफीतील कॅफिन या ॲडिनोसिनची वाट अडवते आणि घेतलेल्या कॅफिनपैकी निम्मा भाग शरीरातून जाण्यास साधारण पाच तास लागतात. संध्याकाळी सहा वाजता दुकानात घेतलेला चहा रात्री अकरालाही निम्मा जागा असतो!

दुसरा पदर प्रकाशाचा. मेंदूत एक नैसर्गिक घड्याळ असते आणि त्याला रोज सकाळी चावी द्यावी लागते. ती चावी म्हणजे सकाळचा उजेड. शरीरातील या घड्याळाचे रेणवीय कार्य उलगडणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. दुकानातील दिव्यांचा प्रकाश साधारण काहीशे लक्स असतो. सूर्योदयानंतर थोड्याच वेळात उघड्या आकाशाखालचा उजेड हजारो लक्सवर जातो. हा उजेड डोळ्यांत गेला की ‘मेलाटोनिन’ हे निद्रासंप्रेरक ओसरते आणि रात्री त्याने पुन्हा केव्हा स्रवावे, याची वेळ ठरते. सकाळी उजेडात चाललेल्या माणसाला रात्री वेळेवर झोप येते ती यामुळे. बंद खोलीतील ट्रेडमिलवर पाय चालतात, पण हा लाभ मिळत नाही.

तिसरा पदर मनाचा आणि उष्णतेचा. चालताना शरीराचे तापमान किंचित वाढते आणि नंतर उतरते. हे उतरणे झोपेला अनुकूल असते. त्याचबरोबर सलग, लयबद्ध पावलांनी मनातील विचारांची गर्दी विरळ होते. उधारी, भाव, मुलांचे शिक्षण, लग्ने या साऱ्यांची उजळणी अंथरुणावर होण्याऐवजी वाटेवर झाली, तर अंथरूण झोपेसाठी मोकळे राहते.

हे केवळ तर्क नाहीत. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९९७ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. पन्नास ते शहात्तर वर्षे वयाच्या, बैठी राहणी असलेल्या आणि झोपेची मध्यम स्वरूपाची तक्रार असलेल्या ४३ जणांचे त्यांनी दोन गट केले. एका गटाला आठवड्यातून चार वेळा, प्रत्येकी तीस-चाळीस मिनिटे भरभर चालणे व हलका व्यायाम दिला. सोळा आठवड्यांनंतर या गटातील लोकांना झोप लागण्यासाठी पूर्वी सरासरी सुमारे २८ मिनिटे लागत, ती सुमारे १५ मिनिटांवर आली आणि झोपेचा कालावधी सरासरी सुमारे पाऊण तासाने वाढला. दुसऱ्या गटात फारसा बदल झाला नाही. येथे सोळा आठवडे हा शब्द महत्त्वाचा. चार दिवस चालून ‘काही उपयोग झाला नाही’ असे म्हणणाऱ्यांनी तो लक्षात ठेवावा.

चालण्याचे अन्य लाभही कसोटीला उतरलेले आहेत. लंडनमधील डॉ. जेरी मॉरिस यांनी १९५३ मध्ये तेथील दुमजली बसगाड्यांच्या कर्मचाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकाच गाडीवर, एकाच मार्गावर, साधारण सारख्याच पगारावर काम करणारे दोघे: एक चालक, दिवसभर बसलेला, दुसरा वाहक, दिवसभर जिने चढणारा-उतरणारा. चालकांपेक्षा वाहकांमध्ये हृदयविकाराचे प्रमाण बरेच कमी आढळले. बैठक आणि हृदयविकार यांचा संबंध दाखवणारा हा आद्य अभ्यास. गादीवर बसणारा मालक आणि माल काढून देण्यासाठी धावणारा नोकर यांची जोडी कोणत्याही पेठेत पाहावी. मॉरिस यांचे निरीक्षण तेथेही समजू शकेल.

मधुमेहाबाबत तर पुरावा स्वदेशीच आहे. चेन्नई येथे डॉ. ए. रामचंद्रन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावरील ५३१ भारतीयांचा सुमारे तीन वर्षे मागोवा घेतला आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. आहारात सुधारणा आणि रोज किमान अर्धा तास भरभर चालणे एवढ्यावर मधुमेह होण्याचे प्रमाण साडेअठ्ठावीस टक्क्यांनी घटले. चालताना मांडीचे व पोटरीचे मोठे स्नायू रक्तातील साखर स्वतःसाठी उचलतात. पोटरीचे स्नायू आकुंचन पावताना पायांतील रक्त वर, हृदयाकडे ढकलतात. हाडांवर भार पडल्याने ती टिकून राहतात. रक्तदाब थोडा उतरतो. आतडी जागी होतात आणि बद्धकोष्ठाची तक्रार कमी होते.

मराठी घरांतील ‘शतपावली’ हा शब्द या संदर्भात पुन्हा मानाने वापरावा असा आहे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका लहानशा परंतु काटेकोर अभ्यासात असे दिसले की, साखर वाढण्याचा धोका असलेल्या वृद्धांनी तिन्ही जेवणांनंतर पंधरा-पंधरा मिनिटे चालणे हे सकाळी सलग पंचेचाळीस मिनिटे चालण्याइतकेच दिवसभराच्या साखरेसाठी गुणकारी ठरले. रात्रीच्या जेवणानंतरची साखर आवरण्यास तर ते अधिक उपयोगी पडले. ज्या कुटुंबांत सूर्यास्तापूर्वी भोजन करण्याचा आणि चौविहाराचा नियम पाळला जातो, तेथे जेवण व झोप यांत तीन-चार तासांचे अंतर आपोआप राहते. त्या भोजनानंतर, संधिप्रकाशात कुटुंबासह पंधरा मिनिटांचे चालणे जोडले तर झोपेसाठी यापेक्षा चांगली तयारी नाही. निजण्याच्या अगदी आधी मात्र घाम येईल असे जोराचे चालणे टाळावे. मंद शतपावलीला हरकत नाही.

किती चालावे? ‘दहा हजार पावले’ हा आकडा सर्वतोमुखी आहे. त्याचा उगम रुग्णालयात झालेला नाही. १९६४ च्या टोकियो ऑलिम्पिकनंतर, १९६५ मध्ये जपानमध्ये पावले मोजणारे एक यंत्र विक्रीस आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘दहा हजार पावलांचे मापक’ असा होता. पुढे संशोधन झाले तेव्हा चित्र अधिक दिलासादायक निघाले. सरासरी ७२ वर्षे वयाच्या सुमारे १७ हजार स्त्रियांच्या, २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात रोज सुमारे २,७०० पावले चालणाऱ्यांपेक्षा ४,४०० पावले चालणाऱ्यांत मृत्यूचे प्रमाण पुष्कळ कमी होते आणि ७,५०० च्या पुढे लाभाची वाढ थांबल्यासारखी दिसली. २०२५ मध्ये अनेक अभ्यासांचा एकत्रित विचार करून संशोधकांनी सुमारे सात हजार पावले हे व्यवहार्य उद्दिष्ट सुचवले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्यात १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल करावी. पासष्टीनंतर तोल व स्नायूंचे बळ राखणारे व्यायामही आठवड्यातून तीन दिवस करावेत. मध्यम श्रमाची खूण सोपी आहे: चालताना बोलता यावे, पण स्तवन म्हणता येऊ नये.

एक सावधगिरीची गोष्ट येथेच सांगितली पाहिजे. सकाळी पाऊण तास चालून नंतर दहा तास हलायचेच नाही, हा हिशेब पुरा बसत नाही. तासाभराने गादीवरून उठावे, दुकानातच दोन-तीन मिनिटे फेरी मारावी, फोन आला तर उभे राहून बोलावे. त्याचप्रमाणे वर्षातून एकदा केलेली मोठी पायपीट रोजच्या चालण्याची जागा घेत नाही. शेगाव येथून श्री गजानन महाराजांची पालखी आषाढी वारीसाठी पंढरपूरला पायी जाते. सातशे किलोमीटरहून अधिक अंतराची ही वाट वारकरी सुमारे महिनाभरात चालून जातात. परतीच्या शेवटच्या टप्प्यात खामगाव ते शेगाव या वाटेवर हजारो भाविक सहभागी होतात. त्यांत वर्षभर चालणारे कोण आणि त्या एका दिवसापुरते आलेले कोण, हे दुसऱ्या दिवशी पायांवरून समजते. विनोबा भावे १९५१ मध्ये भूदानासाठी पायी निघाले तेव्हा वयाची पंचावन्न वर्षे त्यांनी पूर्ण केली होती. पुढे सुमारे तेरा वर्षे ते देशभर चालत राहिले. त्यांच्या चालण्याचे बळ रोजच्या मजलेत होते.

चालणे हे साधनेचे अंग कसे होते, याचे उदाहरण या समाजासमोर सदैव आहे. साधू-साध्वी चातुर्मासाखेरीजचे आठ महिने विहार करतात, तोही अनवाणी. ईर्यासमितीनुसार पुढील चार हात भूमी पाहत, जीवजंतू वाचवत, अन्य गोष्टींत मन न गुंतवता पाऊल टाकायचे असते. श्रावकाने त्यांचे अनुकरण करावे अशी अपेक्षा नाही. परंतु चालताना केवळ चालावे, कानात गाणे व हातात मोबाइल नसावा, एवढा धडा प्रत्येकाने घेण्याजोगा आहे. पुढची जमीन पाहून टाकलेले पाऊल मुंगीला वाचवते आणि चालणाऱ्यालाही खड्ड्यातून वाचवते.

आता अडचणींचा विचार. गुडघे दुखतात म्हणून चालणे सोडणाऱ्यांची संख्या मोठी आहे. सांध्यातील कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. भार पडणे व उतरणे या क्रियेनेच तिला पोषण मिळते. म्हणून सपाट जमिनीवर, योग्य पादत्राणे घालून, दहा-दहा मिनिटांचे टप्पे करून चालावे. सूज असेल तर वैद्यांना दाखवावे. उन्हाळ्यात घाटाखालच्या तालुक्यांत सकाळी लवकर ऊन तापते. तेव्हा सूर्योदयाची वेळ साधावी आणि पाणी पिऊन निघावे. पावसाळ्यात काळ्या मातीचा चिखल वृद्धांना घसरवतो. तेव्हा आच्छादित जागेत फेऱ्या माराव्यात. मधुमेहींनी अनवाणी चालू नये. पायांची संवेदना कमी झालेली असेल तर लागलेला खडा कळत नाही आणि छोटी जखम पाय गमावण्यापर्यंत जाते. मंदिरापर्यंत पादत्राणे घालून जावे आणि रोज रात्री तळपाय पाहावेत. इन्सुलिन किंवा साखरेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपवासाच्या दिवशी दूर चालण्यापूर्वी वैद्यांचा सल्ला घ्यावा. चालताना छातीत दडपण, डाव्या हातात कळ किंवा असामान्य धाप जाणवली तर तेथेच थांबावे. ‘पित्त झाले असेल’ म्हणून दिवस घालवू नये. पदपथ नसलेल्या रस्त्यावर उजव्या कडेने, समोरची वाहने दिसतील असे चालावे आणि अंधारात पांढरे किंवा चमकणारे वस्त्र घालावे.

चालण्याने सर्वच निद्राविकार बरे होतात, असा दावा करणे योग्य होणार नाही. मोठ्याने घोरणे, झोपेत श्वास अडकणे, दिवसा बसल्या जागी डुलकी लागणे ही स्वतंत्र आजाराची लक्षणे असू शकतात व त्यांची तपासणी आवश्यक आहे. झोपेच्या गोळ्या वर्षानुवर्षे घेणाऱ्या वृद्धांना तोल जाऊन पडण्याचा धोका असतो. तरीही त्या एका रात्रीत बंद करू नयेत. वैद्यांच्या देखरेखीखाली मात्रा हळूहळू कमी करावी आणि त्या काळात चालण्याचा आधार घ्यावा.

शेवटी प्रश्न संस्थेचा. पुष्कळ स्त्रियांना एकटीने पहाटे बाहेर पडण्याचा संकोच वाटतो किंवा भीती वाटते. एकट्या राहणाऱ्या वृद्धांना सोबत नसते. या दोन्ही अडचणी औषधाने सुटणाऱ्या नाहीत. त्या समाजानेच सोडवायच्या आहेत. गल्लीतील चार-सहा भगिनींनी ठरलेल्या वेळी एकत्र निघावे. घरातील नातवाने आजी-आजोबांना संध्याकाळी हात धरून पंधरा मिनिटे फिरवावे. त्यात दोघांच्याही झोपेचे कल्याण आहे. मंगल कार्यालयाचे सभागृह किंवा आवार पावसाळ्यात सकाळी तासभर चालणाऱ्यांसाठी उघडे ठेवले, तर त्याला चौकीदाराच्या एका किल्लीपलीकडे खर्च नाही. पन्नास वर्षांत दात्यांनी उभारलेल्या वास्तूचा हाही सदुपयोगच ठरेल.

नियम घेण्याची परंपरा या समाजाच्या हाडीमासी खिळलेली आहे. मर्यादित काळासाठी, झेपेल एवढा नियम घ्यायचा आणि तो निष्ठेने पाळायचा. आजपासून सोळा आठवडे, आठवड्यातील किमान पाच दिवस, सकाळच्या उजेडात अर्धा तास आणि संध्याकाळच्या भोजनानंतर पंधरा मिनिटे चालण्याचा नियम प्रत्येक घरातील एका तरी व्यक्तीने घ्यावा. घरातील एक चालू लागला की दुसरा उंबरठ्यावर येतोच. संस्थेची वाटचाल शंभरीकडे व्हावी आणि ती शंभरी पाहायला आजची तरुण मंडळी स्वतःच्या पायांनी चालत यावीत, ही शुभकामना.

जय जिनेंद्र.